वेई शिफूच्या चिठ्ठ्या

आमच्या घरात संशय घ्यायचं खातं आईकडे होतं आणि ती ते मनापासून सांभाळायची. ओमानमधल्या सोहारच्या मासळी बाजारात सुरमईचे कल्ले उघडून बघायची ते ठीकच, पण घरी आल्यावर तीच सुरमई पुन्हा नाकाशी धरायची, वाटेत गाडीत कुणी बदलली की काय अशा चेहऱ्यानं. खालच्या केरळी दुकानदारानं कोथिंबिरीची जुडी फुकट दिली तर पुढचे दोन दिवस तिला चैन नसे. "फुकट का दिली असेल गं त्यानं?" असं ती मला विचारायची, आणि मीही पेन्सिल चावत खरोखर विचार करायची. बाबा मात्र हसायचे. बाबांना सगळी माणसं चांगली वाटायची, आणि आईच्या मते हीच त्यांच्याबद्दलची सगळ्यात काळजीची गोष्ट होती.

आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. दोन खोल्या, दोन एसी. त्यांतला एक रात्रंदिवस खरखरायचा, आणि तो बंद पडला की त्या शांततेनं आम्ही दचकायचो. फळीवर बुद्धाची पांढरी मूर्ती, शेजारी मेणबत्ती, आणि खाली जेवणाच्या टेबलावर हिरव्या द्राक्षांचं चित्र असलेलं मेणकापड. त्यावर आम्ही जेवायचो, आई भाज्या निवडायची आणि मी अभ्यास करायची. आई चिपळूणहून येताना सुका जवळा आणि कुळथाचं पीठ इतकं आणायची की विमानतळावर बॅग उघडायला लावतील या भीतीनं बाबा रांगेत चार माणसं सोडून उभे राहायचे. शाळेत आम्ही आपसात इंग्रजीच बोलायचो, घरी मराठी, आणि माझं मराठी अडखळलं की आई म्हणायची, "पूर्ण वाक्य बोल. अर्धं बोलणाऱ्याचा मला संशय येतो."

बाबा औद्योगिक वसाहतीतल्या टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर होते. लांबच लांब बोगद्यासारखी भट्टी, एका तोंडानं कच्च्या टाइल्स आत जायच्या आणि दुसरीकडून भाजून बाहेर पडायच्या. मधल्या प्रत्येक झोनला किती आच द्यायची ते पॅनलसमोर बसून सांभाळायचं, हे बाबांचं काम. माझ्या दहावीच्या वर्षी कारखान्यानं शेजारीच नवी भट्टी उभी करायला घेतली. ती बांधायला चिनी कंपनीची माणसं आली आणि बरोबर बातमीही आली, की नवी सुरू झाली की जुनी बंद. नव्या भट्टीवर कोण राहणार याची यादी ऑफिसात तयार होत होती म्हणे. ती कुणी पाहिली नव्हती. आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारे देसाई काका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते, त्यांनीच एकदा जिन्यात बाबांना सांगितलं, "जुन्या भट्टीवाले निम्मे तरी खलास." नोकरी गेली तर व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर आणि शाळाही गेली. दहावीच्या वर्षात मध्येच मला उचलून गावी कुठल्या शाळेत घालायचं, हा एकच विषय आईच्या डोक्यात घुमत होता. तिनं तो मला सांगितला नव्हता. पण स्वयंपाकघराला दार नव्हतं आणि माझे कान तिच्यासारखेच होते.

त्यात नव्या भट्टीचा कारभार भलताच गुप्त. चिनी लोकांमध्ये वेई नावाचा एक म्हातारा होता, आच जुळवण्यात सगळ्यांचा उस्ताद. त्याला त्याची माणसं 'वेई शिफू' म्हणत. शिफू म्हणजे उस्तादच. तो पॅनलवर आकडे घालायला बसला की आमच्या लोकांना बाहेर काढत आणि काचेला आतून पुठ्ठा लावत. सगळी आच जुळून आल्यावर, अगदी शेवटच्या दिवशी, भट्टी ताब्यात देताना त्या आकड्यांचा तक्ता द्यायचा असं ठरलेलं होतं. "आम्ही काय चोर आहोत का?" असं बाबांचे सोबती कुरकुरायचे. बाबा कुरकुरत नव्हते. हे आईच्या लक्षात आलं, आणि तिथून तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली.

मग एकेक गोष्ट जमत गेली. बाबांच्या शर्टाला चक्रफुलाचा वास यायला लागला. आमच्या घरात चक्रफूल मटणाच्या मसाल्यापुरतं, तेही सणासुदीला, त्यामुळे आईनं तो वास पहिल्याच दिवशी पकडला. जेवताना बाबांचे ओठ हलायचे. एकदा तर पाण्याच्या ग्लासात बोट बुडवून ते मेणकापडावर काहीतरी रेघा ओढत होते, आणि मी बघतेय म्हटल्यावर हातानं पुसून टाकलं. शुक्रवारी सुट्टी असूनही दुपारी जेवण झालं की "कारखान्यात जरा काम आहे" म्हणून निघायचे. इतकी वर्षं शुक्रवारची झोप न सोडणारा माणूस! चिनी लोकांबरोबर लिन नावाची एक दुभाषी मुलगी होती. तिच्याबद्दल आई मला थेट काही विचारत नव्हती. चपात्या लाटता लाटता सहज म्हणायची, "त्या चिन्यांची ती मुलगी, तुमच्या शाळेच्या रस्त्यानं जाते का गं? दिसायला कशी आहे?" मी म्हटलं, मी पाहिली नाहीये. "पाहिली तर सांग," आई म्हणाली. कुठेतरी पाणी मुरतंय याबद्दल आम्हा दोघींचं एकमत होतं.

चिठ्ठ्या मला सापडल्या त्या बाबांच्या डब्याच्या पिशवीत, बाहेरच्या कप्प्यात. मी लोणच्याची पुडी शोधत होते असं मी आईला सांगितलं. खरं म्हणजे मी झडती घेत होते. टाइल्सच्या खोक्यांचा तपकिरी पुठ्ठा कापून केलेले पत्त्यांएवढे तुकडे, रबरबँड लावलेले. प्रत्येकावर निळ्या पेनानं चार चिनी अक्षरं, फार सुरेख, एकाएका रेघेवर वेळ घालवलेला दिसत होता. त्याखाली पेन्सिलीनं बाबांचं वेडंवाकडं देवनागरी: आधी उच्चार, मग अर्थ. मागच्या बाजूला आकडे होते. त्यांच्याकडे मी नीट पाहिलंसुद्धा नाही. मी ते तुकडे मेणकापडावर पसरले आणि आईला वाचून दाखवायला लागले.

"भिंतीला भोक पाडून उजेड चोरणे."

आईनं गॅस बंद केला. "पुढे?"

"केस वर तुळईला बांधणे, मांडीत दाभण."

"दाभणाचं काय?"

"खुपसणे, असं लिहिलंय."

"कुणाच्या मांडीत?"

"ते नाही लिहिलं. मग हे बघ, पिशवीत काजवे भरणे."

"सोहारमध्ये काजवे कुठले?" आई म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. मी पुढची चिठ्ठी उचलली. तिच्यावर लिहिलं होतं, 'आईनं तीन वेळा घर सोडलं.' आईनं ती माझ्या हातातून घेतली. एसी खरखरत होता.

"कुणाच्या आईनं?" शेवटी ती म्हणाली. "मला घर सोडायला लावणार आहेत की काय हे?"

"आई, मला वाटतं ही कोड लँग्वेज आहे. दे आर प्लॅनिंग समथिंग."

"मराठीत बोल. आणि तू यात पडू नको. मी विचारते त्यांना."

पण तिनं विचारलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले. जन्मभर दुसऱ्यांच्या कोथिंबिरीचा हिशोब विचारणारी माझी आई आपल्याच नवऱ्याला एक प्रश्न विचारायला घाबरत होती. ती घाबरली आहे हे मला सहन होईना. आता वाटतं, त्या वयात आपल्याला आईबाप घाबरलेले चालत नाहीत, आणि त्यांची भीती घालवायला आपण काहीही करून बसतो. पण हा माझ्या बाजूनं केलेला युक्तिवाद झाला. त्यात माझी उत्सुकताही होती, आणि आपण काहीतरी पकडलंय याचा आनंदही होता, तो मी लपवणार नाही. चिठ्ठ्या पुन्हा पिशवीतून काढून आईच्या फोननं मी त्यांचे फोटो काढले, पुढून आणि मागून, तिथंच टेबलावर मांडून. चिठ्ठ्या होत्या तशा पिशवीत ठेवल्या आणि फोन घेऊन एक मजला खाली उतरले.

देसाई काका कुडाळकडचे. माझ्याशी नेहमी मालवणीत बोलायचे, कारण त्यांची स्वतःची मुलं त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची. "काय गो बाय, अभ्यास झालो?" म्हणत त्यांनी मला आत घेतलं, काकूंनी हातावर लाडू ठेवला. मला विचारायचं होतं ते एवढंच, की बाबा शुक्रवारी नक्की कुठे जातात, आणि त्या दुभाषी मुलीचं काय आहे. पण तोंडानं ते विचारवेना, म्हणून मी फोनच पुढे केला. पुढची बाजू त्यांनी भराभर सरकवली. मागची बाजू आली तेव्हा थांबले. फोटो बोटांनी मोठा केला. चष्मा कपाळावर होता तो खाली घेतला.

"ह्ये आकडे कसले, बाबांनी सांगितल्यानी?"

"नाही काका. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"माका कसा म्हायत असतला?" ते हसले. "माका पाठवून दी. बघतंय मी. आणि बाबांका सांगू नको हां, उगाच तेंका टेन्शन."

मी पाठवून दिले. जिना चढताना माझा जीव भांड्यात पडला होता. कुणीतरी मोठं माणूस आता बघून घेणार होतं. त्यांनी लिनबद्दल काहीच विचारलं नाही, चिनी अक्षरांबद्दलही नाही, फक्त आकड्यांबद्दल विचारलं, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी आईची मुलगी होते. दुकानदार, बसचा ड्रायव्हर, शाळेतले सर, यांच्यातल्या कुणालाही मी इतक्या सहज सोडलं नसतं. पण त्या हातातल्या लाडवानं असेल किंवा त्या 'गो बाय'नं असेल, त्या माणसाचा मला संशय आला नाही.

त्याच रात्री जेवताना आईचा बांध फुटला. "तुळईला केस कुणाचे बांधताय?" ती म्हणाली. बाबांचा घास हातात राहिला. मग ते हसायला लागले ते इतके, की त्यांना ठसका लागला आणि मी पाठीवर थापट्या मारल्या. "उद्या गुन्हेगारांनाच जेवायला आणतो," ते म्हणाले. "तूच काय ती उलटतपासणी घे."

शुक्रवारी दुपारी वेई शिफू आला. मी मनात कुणी उंच, डोळे बारीक करून बघणारा माणूस ठरवला होता. हा माझ्याएवढ्याच उंचीचा, कापडी बूट, डोक्याला टोपी, हातात चहाच्या पानांनी भरलेली काचेची बरणी. बरोबर लिन. आईनं तिच्याकडे पाहिलं आणि मला तिचा चेहरा सैल पडलेला दिसला. लिन चांगली होती, पण सर्दीनं तिचं नाक लाल झालं होतं, गालावर मुरमं होती, आणि आल्या आल्या तिनं बाबांना 'अंकल' म्हटलं. शिफूनं टेबलाशी बसल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे ताट उचलून त्याला बोटाच्या पेरानं टिचकी मारली आणि कानाशी धरलं. मग दुसरं, मग तिसरं. आईला वाटलं, ताट नीट घासलंय का बघतोय. बाबा म्हणाले, "आवाजावरून त्याला कळतं भांडं कसं भाजलंय ते. टाइलसुद्धा तो अशीच तपासतो." तिसरं ताट त्यानं खाली ठेवलं आणि लिनला काहीतरी सांगितलं. त्यात बारीक चीर आहे, म्हणे. आईनं ते ताट लगेच बदललं, आणि बदलताना तिनंही त्याला हळूच टिचकी मारून पाहिली.

आईनं तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं कालवण आणि जवळ्याची चटणी केली होती. शिफूनं चटणी तीनदा मागून घेतली. जेवता जेवता लिन एकेका चिठ्ठीचा अर्थ सांगत होती, अर्धा इंग्रजीत, अर्धा कारखान्यात उचललेल्या हिंदीत, आणि बाबा ते मराठीत आणत होते. ते सगळे अभ्यासाचे बोल होते. चिनी शाळेत पोरांना हे चार चार अक्षरांचे बोल पाठ करायला लावतात, आणि प्रत्येकामागे एक गोष्ट असते. दिव्याला तेल नव्हतं म्हणून एका मुलानं भिंतीला भोक पाडून शेजारच्या घरातला उजेड आपल्या पुस्तकावर घेतला. कुणी झोप येऊ नये म्हणून शेंडी वर तुळईला बांधली, मान कलली की हिसका बसायचा, आणि दुसरा एक डुलकी लागली की स्वतःच्याच मांडीत दाभण टोचून घ्यायचा. कुणी पातळ कापडाच्या पिशवीत काजवे धरून त्यांच्या उजेडात वाचलं.

"और वो माँ?" आईनं विचारलं. तिला तीच एक चिठ्ठी छळत होती.

"अच्छा पडोसी, आंटी," लिन नाक पुसत म्हणाली. "बेटा का स्टडी के लिए. तीन बार घर चेंज."

मुलाला चांगला शेजार मिळावा, त्याचा अभ्यास व्हावा म्हणून एका आईनं तीनदा बिऱ्हाड हलवलं होतं. हे ऐकल्यावर आईनं लिनच्या ताटात न विचारता आणखी एक तुकडी वाढली.

बाबा भिंतीच्या भोकाच्या गोष्टीवर अडकले होते. "आमचे आबा शाळेच्या खिडकीखाली उकिडवे बसून शिकले," ते मला म्हणाले. "आत बसू देत नव्हते ना आपल्या माणसांना. फळा दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. आतली पोरं म्हणायची ते आबा बाहेर धुळीत लिहायचे. मी पण तेच करत होतो बघ. पुठ्ठा जरा वाकडा लागला होता, त्या फटीतून पॅनल बघत होतो. यानं मला पाहिलं. मला वाटलं, झालं आता, बोंब मारणार. तर हा काय करतो? अर्धं पाऊल बाजूला सरकला. मला नीट दिसावं म्हणून."

तिथून त्यांचं ठरलं होतं. आयतं काही मिळायचं नाही. चार अक्षरं शिफूनं लिहून द्यायची, बाबांनी ती गिरवून, पाठ करून, अर्थासकट म्हणून दाखवायची. बरोबर आलं की त्या चिठ्ठीच्या मागे एका झोनची आच लिहून मिळायची आणि ती आच तितकीच का, हेही तो समजावून द्यायचा. एक बोल, एक झोन. शिफूचा स्वतःचा उस्ताद त्याला काही शिकवत नव्हता, चोरून बघितलं की पकडीनं हातावर मारायचा, म्हणून आपण शिकवू तेव्हा असं करायचं नाही असं त्यानं ठरवलेलं होतं. त्यानं हात पुढे केला. मनगटावर जुना पांढरा वण होता.

"आणि मागचे ते आकडे," मी विचारलं, "ते सिक्रेट आहेत?"

बाबांनी उगाचच दाराकडे पाहिलं. "ते त्याच्या-माझ्यातच. त्याच्या कंपनीला कळलं तर म्हाताऱ्याची नोकरी जाईल. तू कुठे बोलू नको हो."

हात धुवायच्या निमित्तानं मी उठले आणि तशीच खाली धावले. देसाई काका झोपाळलेल्या डोळ्यांनी दारात आले. मी म्हटलं, काका, ते फोटो डिलीट करा, प्लीज, ते काही नव्हतं. "अगो, केलंय कधीच," ते म्हणाले. "काय एक होवचा नाय, इन्शाल्ला." आणि त्यांनी दार लावून घेतलं. दार जरा जास्तच लवकर लागलं. तेव्हा मात्र मला त्यांचा संशय आला, पुरता आला, आणि तो काही कामाचा नव्हता.

मी वर आले. शिफू आमच्या चहाच्या कपांना टिचक्या मारत होता आणि आई हसत होती. मी बाबांना काही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी नाही आणि शनिवारीही नाही. शनिवारचा अख्खा दिवस माझ्या हातात होता. बाबा घरीच होते, त्यांनी माझ्या सायकलची साखळी बसवली, दोनदा मला चहा करून दिला. मी त्यांना सांगितलं असतं तर ते शिफूला सावध करू शकले असते, दोघांनी मिळून काहीतरी सांगायचं ठरवलं असतं. मी भूमितीचं पुस्तक उघडून बसले आणि स्वतःची समजूत घालत राहिले, की काकांनी खरंच डिलीट केले असतील.

रविवारी कामावर गेल्या गेल्या बाबांना वर ऑफिसात बोलावलं. टेबलावर फोटोंच्या छापील प्रती होत्या. बाबांना वाटलं होतं, आता घरी पाठवणार. तसं काही झालं नाही. मोठे साहेब फार गोड बोलले. अर्बाब, म्हणजे कारखान्याचा ओमानी मालक, स्वतः उठून बाबांजवळ आला. हे नव्या भट्टीचेच आकडे ना? मग जाधव, तुम्ही भट्टी चालवून दाखवा. शिफूकडून सगळे झोन मिळाले नव्हते, शेवटचे, निववायचे झोन राहिले होते. पण आच का आणि कशी हे बाबा शिकले होते. त्यांनी उरलेले आकडे स्वतः काढले. नाही म्हणायची सोय नव्हती, घरात दहावीची मुलगी होती. संध्याकाळपर्यंत टाइल्स अखंड बाहेर पडल्या. दोन दिवसांनी कारखान्यानं चिनी कंपनीला कळवून टाकलं, की आता तुमच्या माणसांची गरज उरली नाही. आणि त्या कंपनीनं पहिलं काम केलं ते वेई शिफूला चीनला परत बोलावण्याचं.

यादीत बाबांचं नाव पहिलं होतं. देसाई काका हलव्याचा डबा घेऊन वर आले. केशरी, तुपानं चकचकणारा ओमानी हलवा. आईला रडू आलं. माझी शाळा वाचली होती, घर वाचलं होतं, आम्ही तिथंच राहणार होतो. बाबांनी हलव्याला हात लावला नाही. काका गेल्यावर ते टेबलाशी बसले आणि मेणकापडावरून हात फिरवत म्हणाले, "फोटोत ही द्राक्षं अगदी स्पष्ट आलीत. साहेबांनी विचारलं, फोटो कुणी काढले. मी सांगितलं, मीच काढले." ते आमच्यापैकी कुणाकडे बघत नव्हते. आईनं आपला फोन उचलला, उघडला, आणि माझ्याकडे पाहिलं. तिनं कधीही, अगदी कधीही, मला त्याबद्दल विचारलं नाही. संशयाचं रूपांतर खात्रीत झालं की माझी आई गप्प बसते, हे मला त्या दिवशी कळलं.

बाबा आता निवृत्त होऊन चिपळूणजवळ राहतात. फोनवर आम्ही रोज बोलतो, पण हा विषय सोडून. त्यांना माहीत आहे, आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत आहे. कित्येकदा वाटतं, एकदा तोंडानं म्हणून टाकावं. मग ते इतक्या मायेनं विचारतात, "जेवलीस का?" की म्हणवत नाही.

शिफू निघायचा त्या दिवशी मी शाळेतून आले तर बाबा गाडीची चावी घेऊन उभे होते. "चल," एवढंच म्हणाले. आईनं जवळ्याच्या चटणीची बरणी माझ्या हातात दिली, झाकणाला प्लॅस्टिक बांधून. चिनी लोकांच्या कॅम्पच्या फाटकाशी मस्कतला जाणारी मिनीबस उभी होती. ऊन कलतं झालं होतं तरी रस्ता तापलेला होता. शिफू टोपी घालून बॅगेवर बसला होता, शेजारी लिन. बाबांना बघून तो उठला. रागावलेला दिसला नाही. खूप थकलेला दिसला. त्यानं लिनला हळूच काहीतरी विचारायला सांगितलं.

"अंकल, शिफू आस्किंग," लिन म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "एक ही बात. ऑफिस को किसने दिया?"

बाबांनी हिंदीत उत्तर दिलं नाही. लिनकडे पाहिलंही नाही. शिफूकडे बघत त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वो."

चिनीत 'मी'ला 'वो' म्हणतात. जेवायला आले होते त्या दिवशी शिफूनंच मला ते शिकवलं होतं, माझ्या नाकाकडे बोट दाखवून.

मिनीबसचं इंजिन चालू होतं. मला पुष्कळ वेळ होता. मला चिनी येत नसेल, पण इंग्रजी येत होतं, हिंदी येत होतं, लिनला दोन्ही कळत होतं. 'नो, इट वॉज मी.' चार शब्द. मी चटणीच्या बरणीवरचं प्लॅस्टिक नीट करत उभी राहिले.

शिफू बाबांकडे बघत राहिला. मग त्यानं मान हलवली, एकदाच, समजलं अशी. बाबांनी निरोपाला हात पुढे केला. त्या हातात त्यानं हात दिला नाही. तो हात तसाच थोडा वेळ राहिला आणि मग बाबांनी तो मागे घेतला. बॅग उचलून बसकडे जाता जाता म्हातारा माझ्यापाशी थांबला. माझ्या हातातली बरणी त्यानं दोन्ही हातांनी घेतली, कमरेत वाकला आणि मला थँक यू म्हणाला.